पूनम सागरमधली अहिंसक टाकी

दिनांक: २००६ सालातला, जैनांचं पर्युषण तोंडावर आलेला एक रविवार. ठिकाण: मीरा रोड, पूनम सागर, चौथा मजला. हजर: घरातल्या थोरल्या बा, त्यांचे चिरंजीव मुकेशभाई, सून किंजल, बांच्या जेवणाचा डबा घेऊन आलेल्या शेजारच्या सविताबेन, आणि मी. पाण्यात हजर: चार एंजल मासे, तब्येतीने उत्तम. पाण्यात गैरहजर: निऑन मासे, सगळेच्या सगळे.

हजेरी घ्यायची मला सवय आहे. शांती नगरात माझं शोभेच्या माशांचं दुकान आहे. लोकांच्या घरी टाक्या बसवायच्या, धुवायच्या, आजारी मासे बघायचे, हे माझं काम. दुकानाच्या दारामागे काळी पाटी टांगलेली असते. करायचं काम खडूने लिहायचं, झालं की पुसायचं. आमचे हे सगळ्यांना सांगतात, "आमच्या लग्नाचा वाढदिवसही हिच्या पाटीवर असतो." असतो. आणि वेळेवर पुसलाही जातो.

त्या रविवारी किंजलने मला पहिल्यांदाच बोलावलं होतं. टाकी मी बसवलेली नव्हती. कुणा वास्तुवाल्याने मुकेशभाईंना ईशान्य कोपऱ्यात पाणी ठेवायला सांगितलं आणि त्याच्याच ओळखीच्या माणसाने टाकी, दगड, बुडबुडे सोडणारा प्लॅस्टिकचा पाणबुड्या आणि दोन जातींचे मासे एका फेरीत आणून टाकले. एंजल विकत घेताना रुपयाच्या नाण्याएवढा असतो. दिसायला राजस, पोहायला संथ. निऑन म्हणजे निळी-लाल चमकती काडी. दोघं शेजारी छान दिसतात. पण आमच्या धंद्यातला पहिला नियम एका ओळीचा आहे: जे तोंडात मावतं, ते जेवण. काही महिन्यांत एंजल तळहाताएवढा होतो आणि निऑन आहे तेवढाच राहतो. पुढचं सांगायला नको.

इतरांच्या घरी हे गुपचूप घडतं. लोक म्हणतात, "मासे कुठे गेले कोण जाणे." इथे ते बांच्या डोळ्यांदेखत घडलं होतं, सकाळी त्या माळ घेऊन टाकीसमोर बसलेल्या असताना. एंजलच्या तोंडातून निऑनची शेपटी बाहेर राहिली होती आणि ती हलत होती.

बा ओरडल्या नाहीत. ज्या घरात जीव मारले जातात त्या घरच्या चुलीवरचं आपण खाणार नाही, एवढं सांगितलं आणि तेव्हापासून त्या शेजारच्या सविताबेनच्या डब्यावर होत्या.

"आमां कोण कोने खाय छे?" यात कोण कोणाला खातं, हा बांनी मला विचारलेला पहिला प्रश्न. नाव नाही, चहा नाही. सत्तरी ओलांडलेली, सुपारीएवढी बाई; पण नजर हिशेबनीसाची.

मी म्हटलं, "आता कुणीच कुणाला खात नाही बा. खाण्यासारखं कुणी उरलेलंच नाही."

सविताबेन फिस्सकन हसल्या. बा नाही हसल्या.

"सोपं आहे," मी म्हटलं. "एंजल मी घेऊन जाते."

"क्यां?"

"माझ्या दुकानात."

"त्यां पण नानां माछलां छे ने?" तिथेही लहान मासे असतीलच ना?

होते.  पंधरा वर्षांच्या धंद्यात कुणी गिऱ्हाइकाने विचारलं नव्हतं की माझ्या घरून गेलेला मासा पुढे काय खाईल.

मुकेशभाई सोफ्यावरून म्हणाले, "बेन, मासे बदला, पाणी बदला, काय पण करा. टाकी कोपऱ्यातून हलणार नाय. आत्ता कुठे दुकान चालायला लागलंय."

निघताना किंजल लिफ्टपर्यंत आली. मुंबईत वाढलेली, मराठी माझ्यापेक्षा झरझर. "ताई, मला टाकीचं काय पडलेलं नाही. बा माझ्या हातचं जेवत नाहीत. भांडल्या असत्या तर मी पण भांडले असते. त्या भांडतच नाहीत. माझ्या स्वयंपाकघरासमोरून दुसरीचा डबा आत जातो, मी गॅसपाशी उभी राहून बघते. सगळ्या विंगला माहितीये. सविताबेन काल विचारत होत्या, तुमच्या बांना डाळ गोड लागते की तिखट. मला! माझ्या सासूबद्दल!" लिफ्टचं दार धरून म्हणाली, "मला फक्त त्या घरात जेवायला हव्यात."

दुकानात येऊन मी पाटीवर लिहिलं: बा, घरी जेवण. टाकीचं काम म्हणून असं पहिल्यांदाच लिहिलं होतं.

आधी एंजल. शांती नगरातच बँकेतून निवृत्त झालेले सोनावणे साहेब राहायचे. त्यांच्याकडे भिंतीएवढी टाकी आणि तीत फक्त एंजल. मी त्यांना विचारलं, ते आनंदाने हो म्हणाले. पण बांनी सांगितलं, आधी घर बघणार. मग काय, किंजल, बा आणि मी रिक्षाने स्थळ पाहायला गेलो. सोनावणे साहेब इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. बांनी टाकीभोवती दोन चकरा मारल्या, खाली वाकून झाडांमागे बघितलं, कुणी लहान लपलेलं नाही ना.

"घरमां बीजुं कोण?"

"मी, आमच्या मिसेस आणि हे," साहेब टाकीकडे हात करून म्हणाले. "मिसेसची तक्रार आहे की क्रम उलटा आहे."

आतून आवाज आला, "तक्रार नाही, वस्तुस्थिती आहे!"

बांना स्थळ पसंत पडलं. चारही एंजल सासरी गेले.

आता रिकामी टाकी भरायची होती, आणि तीही अशी की कुणाच्या तोंडात कुणी मावणार नाही. नवख्याला हे सोपं वाटतं. लहान मासे घ्या, झालं! तसं नसतं. गप्पी लहान असते, पण स्वतःची पिल्लं जन्मल्या जन्मल्या गिळते. बांनी ते एकदा पाहिलं असतं तर टाकी गच्चीवरून खाली गेली असती, ईशान्य असो की नैर्ऋत्य. म्हणून मी फक्त नर गप्पी घेतले. रंगीत, शेपट्यांचे शौकीन, भांडखोर नाहीत आणि बाळंतपणाचा प्रश्न नाही. किंजल म्हणाली, "म्हणजे बॉइज होस्टेल." वरच्या पाण्यात ते. मधल्या पाण्यात नव्या निऑनचा थवा, कारण एकटा निऑन घाबरून रंग टाकतो. तळाला कोरी नावाचे मिशाळ, गरीब मासे, वाळूत नाक खुपसून फिरणारे. माशांनी टाकलेलं उष्टं आणि काचेवरचं शेवाळ खायला कोळंबी.

कोळंबी म्हटल्यावर मुकेशभाई दचकले. "बेन, ते तर लोक खातात."

"लोक खातात मुकेशभाई, निऑन नाही खात. त्याचं तोंड बघा केवढं."

तेव्हा परदेशी लाल कोळंबी आमच्याकडे सहज मिळत नव्हती. मला गावची, काचेसारखी आरपार, नखाएवढी गोड्या पाण्यातली कोळंबी हवी होती. ती घोडबंदर गावची वेणूबाय आणायची. तळ्यात फडक्याने धरायची आणि पाण्याच्या डब्यातून जिवंत आणायची. त्या दिवशी बा दुकानातच बसल्या होत्या, टाकीतली मंडळी स्वतः निवडायला.

वेणूबायने डबा टेकवला आणि मला म्हणाली, "आगो बाय, अजून पालतेस तू हिला? आमी तं कांद्यावं परतून खाताव."

बांना मराठी बोलता फारसं येत नसलं तरी कळायचं. हे बरोबर कळलं. त्यांनी कमरेची बटव्याची दोरी सोडली. "बधी आपी दे." सगळी दे.

ही त्यांच्याकडची जुनी रीत. कापायला चाललेला जीव पैसे देऊन सोडवायचा. रीत मोठ्या मनाची आहे, पण टाकी दोन फुटांची होती. मी म्हटलं, "बा, आज तुम्ही डबा घेतलात तर उद्या वेणूबाय दोन डबे धरून आणेल."

वेणूबायने लगेच मान डोलावली. "तीन आनीन. तुज्यासाठी काय पन."

बांनी थोडा विचार केला, बटवा बांधला आणि पहिल्यांदा हसल्या. मग दोघींनी मिळून कोळंबी निवडली. काही जातींची कोळंबी लहानपणी सारखीच दिसते, पण मोठी झाली की लांब नांग्या येतात आणि ती झोपलेला मासा धरते. वेणूबाय एकेक उचलून उजेडात धरायची. "नांगीवाली कालवनान, बिननांगीवाली काचेच्या टाकीन." बांनी नांगीवाल्याही कालवणात जाऊ दिल्या नाहीत. त्या वेगळ्या बरणीत माझ्या दुकानी राहिल्या, आणि वेणूबायच्याच हाती परत तळ्यात गेल्या. तळ्यातच गेल्या का, हे मी तिला विचारलं नाही.

टाकी सजली. शेवाळीसारख्या झाडाचा एक गुबगुबीत झुपका टाकला, म्हणजे कात टाकून अंग मऊ झालेल्या कोळंबीला लपायला जागा. त्या मऊ दिवसांत तिला कुणीही त्रास देऊ शकतं. पहिली कात काचेजवळ तरंगताना दिसली तेव्हा बांनी "मरी गई!" म्हणून मला फोन करायला लावला. मी फोनवर म्हटलं, "सापाची असते ना, तशी." पलीकडे किंजलने ते बांना सांगितलं. मग "कांचळी!" असा समाधानाचा हुंकार आणि फोन बंद.

बा आता रोज टाकीसमोर बसायला लागल्या. कोळंबी दोन्ही हात भराभर तोंडाशी नेते ते पाहून त्यांना ती जप करतेय असं वाटायचं. त्यांनी माशांना घरचे नियमही लावले. सूर्यास्तानंतर दाणा नाही. आठम-चौदसला उपास. किंजल काळजीने विचारायला आली तेव्हा मी म्हटलं, बांच्या पाया पड. माझ्या गिऱ्हाइकांचे बहुतेक मासे उपासाने नाही, लाडाने मरतात. पाहुणा आला की चिमूटभर, पोराने हट्ट केला की चिमूटभर, आणि खाली कुजत जातं ते वेगळंच. एका बाईंनी गोल्डफिशला थेपला चारला होता, वर मलाच विचारलं, लोणचं चालेल का. आज मी प्रत्येक नव्या टाकीबरोबर आठवड्याचा एक उपास सांगते. कुणी कारण विचारलं तर म्हणते, पूनम सागरच्या बांचा नियम आहे.

पण बा जेवायच्या मात्र सविताबेनच्याच डब्यातून. "पर्युषण जाऊ दे," त्या म्हणायच्या. "आधी बघते, खरंच कुणी कुणाला खात नाही ना." पर्युषण गेलं. पाटीवरची ओळ पुसायची वेळ आली असं मला वाटत होतं. आणि एका सकाळी किंजलचा फोन आला.

"ताई, सगळे वर आलेत. तोंड वासतायत. कोळंबी पाण्याबाहेर चढतेय. लवकर या."

मी हवेचा मोठा पंप, साठवलेल्या पाण्याचे कॅन आणि जे सुचलं ते सगळं रिक्षात टाकलं. घरात पाऊल टाकलं आणि मला कारण दिसलं. ओट्यावर, गॅसवर, जेवणाच्या टेबलावर स्टीलची पातेली. सगळ्यांत उकळलेलं, गाळलेलं, निवलेलं पाणी.

त्या घरात पाणी उकळून, गाळूनच पितात. पाण्यातल्या बारीक जिवांची काळजी म्हणून; एकदा उकळलं की त्यात पुढे नवे जीव जन्मत नाहीत, आणि पिताना मरत नाहीत. आदल्या दिवशी पाणी बदलायची पाळी होती. बा किंजलला म्हणाल्या, आपण पक्कं पाणी प्यायचं आणि या बिचाऱ्यांना कच्चं? टँकरचं? दिवसभर खपून बांनी स्वतः उकळलं. आणि हात लागलाच आहे तर फिल्टरचा काळा, चिकट फोमही कढत पाण्यात घालून पांढरास्वच्छ केला. इतका स्वच्छ फोम मी विकत घेतानासुद्धा पाहिला नव्हता.

एक गप्पी कुशीवर कलला होता. बा पाटावर टाकीसमोर बसलेल्या, ओठ हलत होते, आवाज नव्हता. किंजल त्यांच्यामागे उभी, हात चोळत. त्या टाकीत आता कुणी मेलं तर पुढे काय, ते आम्हा तिघींनाही माहीत होतं.

मी आधी काम केलं, बोलणं नंतर. पंप लावला. अर्धं पाणी काढून माझ्या कॅनमधलं घातलं. दुकानातल्या जुन्या टाकीचा मळका फोम मी ओल्या पिशवीतून आणला होता, तो फिल्टरमध्ये बसवला. बा सारखं बघत होत्या. पांढरास्वच्छ फोम काढून हिने घाणेरडा घातला!

मासे खाली सरकायला लागल्यावर मी सांगायला बसले. हे सांगणं माझ्या धंद्यातलं सगळ्यात कठीण काम आहे. डॉक्टरांना सांगून झालंय, इंजिनियरांना सांगून झालंय. मान डोलावतात आणि पुढच्या रविवारी फोम साबणाने धुतात.

"बा, उकळलं की पाण्यातली हवा निघून जाते. ते एक झालं. पण खरा घोळ फोमचा. त्या काळ्या चिकट्यात जीव राहतात. डोळ्यांना दिसत नाहीत. मासे जी घाण करतात तिचं विष होतं, ते हे जीव खाऊन टाकतात. ते आहेत म्हणून मासे आहेत. ती घाण नव्हती बा. ते त्यांचं घर होतं."

डॉक्टर-इंजिनियर इथे घड्याळ बघतात. बांनी विचारलं, "केटला?"

"किती जीव? मोजता येणार नाहीत. असंख्य."

"अने अमे ऊनुं पाणी नाख्युं."

आणि आम्ही गरम पाणी घातलं. वाक्य एवढंच. मग माझ्या लक्षात आलं, मी कुणाला काय सांगून बसले होते. पाण्याच्या थेंबात न दिसणारे जीव असतात हे त्यांना माझ्याकडून शिकायचं नव्हतंच. जन्मभर त्या त्यांनाच जपत आल्या होत्या. बांचे डोळे भरून आले. त्यांनी कोपऱ्यात टाकलेला पांढरा फोम उचलला, दोन्ही हातांत धरला आणि अगदी हळू म्हणाल्या, "मिच्छामि दुक्कडम्."

फोमची क्षमा मागणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. हसू येईल असं वाटलं, आलं नाही.

थोड्या वेळाने सविताबेन डबा घेऊन आल्या. बा पाटावरून उठल्या. किंजलकडे न बघता, टाकीकडेच बघत गुजरातीत बोलल्या. त्याचा अर्थ असा, की त्या मुक्या एंजलने भुकेपोटी मूठभर मासे खाल्ले, तर मी वहूच्या हातचं सोडलं. मी भरल्या पोटी, स्वच्छतेच्या हौसेने, न मोजता येण्याइतके मारले. मला कोण डबा देणार?

मग सविताबेनना म्हणाल्या, "डब्बो पाछो लई जा. आजे घेर जमीश." आज घरी जेवणार.

किंजल स्वयंपाकघरात पळाली. आतून भांड्यांचे जे आवाज आले त्यावरून ती पोळ्या लाटत होती की रडत होती ते सांगणं कठीण आहे. सविताबेन डबा घेऊन तशाच उभ्या. म्हणाल्या, "तो मारी तुवेरनुं शुं?" तुरीची डाळ खास केली होती. ती मी खाल्ली. गोड होती. कुशीवरचा गप्पी मी हात धुवायला उठले तेव्हा सरळ झालेला होता.

दुकानात परत येऊन मी पाटीवरची ओळ पुसली. तेव्हापासून त्या घरात फोम फक्त बा धुतात. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, दोन बोटांनी, बाळाचं डोकं धुवावं तसा.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण बा हिशेबनीस आहेत हे मी आधीच सांगितलं आहे. पुढच्या भेटीला त्यांनी माशांच्या दाण्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. "आमां शुं छे?"

किंजलने डब्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. माशांची पूड. मग कोळंबीची पूड. मग गहू.

"खरं आहे बा," मी म्हटलं. "बाजारातले सगळे दाणे असेच असतात."

मला वाटलं, गेला सविताबेनना निरोप. पण बा म्हणाल्या, वहूला शिक्षा आता पुन्हा नाही. शिक्षा मला. तू शाकाहारी दाणा शोध, तो मिळेपर्यंत मी आंबा सोडला. भावनगरकडच्या माणसाने केसर सोडणं म्हणजे काय, ते मुकेशभाईंच्या चेहऱ्यावर दिसलं.

मी तेव्हा मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं. मला वाटलं, महिन्याभराचं काम. स्पिरुलिना नावाची हिरवी पूड असते, मासे आवडीने खातात. बांनी विचारलं, ते काय? शेवाळ. एका शेवाळात अनंत जीव, त्यामुळे नाही. मी म्हटलं, टाकीतली कोळंबी काचेवरचं शेवाळ खातेच की. "ए तो एनुं करम," बा म्हणाल्या. ते तिचं कर्म. मी माझ्या हाताने घालते ते माझं. गाजर? कंदमूळ! माशांनासुद्धा! यीस्ट नाही, अळंबी नाही. उरल्या डाळी, वाटाणा आणि दुधी.

दुधी-वाटाण्याच्या पातळ वड्या मी गच्चीत ताटावर वाळवल्या. कोळंबीने फडशा पाडला. कोरींनी खाल्ल्या. गप्पींनी तोंडात घेऊन थुंकल्या. मुगाचं केलं, ते निऑननी खाल्लं पण पाणी दुधासारखं झालं. चण्याचं केलं तर शेजारच्या मांजराने ताट चाटलं. म्हणजे मांजराचा प्रश्न सुटला. तोवर बा नाइलाजाने जुनाच दाणा घालतात, घालताना तोंड फिरवतात आणि माझं नाव घेतात.

तीन उन्हाळे गेले. दरवर्षी मे महिन्यात मुकेशभाईंचा माणूस माझ्या दुकानी केसरची पेटी आणून ठेवतो, आणि मागोमाग बांचा फोन येतो. "तू खा, मीनाबेन. डोक्याला ताकद येईल." मग हळूच, "थयुं?" झालं का?

यंदाचीही पेटी आम्ही खाल्ली. आंबे उत्तम होते आणि एकही नीट गिळवला नाही. बा आता शहात्तरच्या झाल्या आहेत. दुकानातली पाटी दर आठवड्याला पुसून नवी लिहिली जाते. वरची ओळ तेवढी मी न पुसता खडूने पुन्हा गिरवते. बांचा दाणा. आज गच्चीत मटकीच्या वड्या वाळत घातल्यात. गप्पींना संध्याकाळी दाखवायच्या आहेत, सूर्यास्ताच्या आत.